भिंतीपुढे उभं केलेलं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. उंची साडेसहा फूट, दारं दोन, आरसा एक, आणि किल्ली गेली चौदा वर्षं हरवलेली. माझ्यासारखी कपाटं तुमच्याही घरात असतील, आणि घराच्या गोष्टी सांगताना त्यांची छाती फुगत असेल. मला मात्र आज जी गोष्ट सांगायची आहे, ती आठवली की अंगावरचा रंग उतरल्यासारखं होतं. मी एकदा लबाडीला साथ दिली. आपल्या पायांनी चालत गेलो नव्हतो, मला ढकलून तिथे उभं केलं होतं, हे खरं. पण उभा तर मीच होतो ना! सगळं ठाऊक असून, चेहरा कोरा ठेवून, पाहुण्यांसमोर उभा होतो.

माझा जन्म उल्हासनगरचा. तिथल्या फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत एका सिंधी शेठचा गाळा होता. नरेंद्र नावाच्या कारागिराने मला घडवलं. पत्रा कापला, वाकवला, सांधे वेल्डिंगने जोडले, आणि मग दोन हात करडा रंग देऊन उन्हात वाळवलं. नरेंद्र फार बोलायचा नाही, पण प्रत्येक सांधा जोडून झाला की त्यावर हाताने थाप मारून बघायचा. ती थाप मला अजून आठवते.

तिथून मला घ्यायला आले ते अण्णा आणि मालिनीबाई. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. दोघांनी नुकतंच बदलापूरला मांजर्लीत एका इमारतीत तळमजल्यावर घर घेतलं होतं. अण्णा अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्राचे तयार भाग मोजायचे, केसभर चूक असली तरी बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. पण माणूस घरचं सामान घ्यायला निघाला की त्याचं डोकं निराळं चालतं. अण्णा शेठजींना हळूच म्हणाले, "याच्यावर त्या मोठ्या कंपनीची पट्टी लावून मिळेल का? सासरची मंडळी येतात हो घरी."

शेठजी हसले नाहीत. म्हणाले, "बाबूजी, माल मेरा, हाथ इसके, और नाम किसी और का? अपना अलमारी अपने नाम से खड़ा रहेगा."

अण्णा कानापर्यंत लाल झाले. मालिनीबाईंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. टेम्पोत बसताना त्या म्हणाल्या, "बरं झालं. खोटी पट्टी लावून आणलं असतं तर मलाच पुसताना रोज लाज वाटली असती." तेव्हापासून मी मालिनीबाईंचा झालो. घरातली सगळी माणसं मला उघडतात, पण त्या मला उघडतात तेव्हा आधी पदराने माझा आरसा पुसतात.

पुढची वर्षं चांगली गेली. माझ्या वरच्या कप्प्यात घराची कागदपत्रं, मधल्यात मालिनीबाईंच्या साड्या, खाली सोहमचे कपडे. सोहम म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याने माझ्या दाराच्या आतल्या बाजूला क्रिकेटवाल्यांचे इतके फोटो चिकटवले की काही अजून निघालेले नाहीत. शेजारच्या बायका यायच्या, दार उघडून बघायच्या आणि म्हणायच्या, "भारी आहे हो पत्रा!" मी मनातल्या मनात नरेंद्रला नमस्कार करायचो.

मग आलं दोन हजार पाच. सव्वीस जुलै. उल्हास नदी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. एरवी ती इतकी शांत असते की तिच्या काठी घर आहे असं सांगायला लोकांना अभिमान वाटतो. त्या दिवशी ती दार न वाजवता आत आली. अण्णा, मालिनीबाई आणि लहानगा सोहम दुसऱ्या मजल्यावरच्या यशोधराताईंकडे गेले. मी कुठे जाणार? मी एक दिवस आणि एक रात्र कमरेच्या वरपर्यंत गढूळ पाण्यात उभा होतो. पाणी ओसरल्यावर मालिनीबाई आत आल्या, माझं दार ओढलं, आणि त्यांच्या लग्नातल्या शालूतून चिखलाची धार लागली. त्या रडल्या नाहीत. शालू पिळत बसल्या.

आणि अण्णांनी काय केलं? कारखान्यातली पोलादी पट्टी आणली. पाण्याची तपकिरी रेघ भिंतीवर जिथे थांबली होती तिथे पट्टी धरली, जमिनीपासून माप घेतलं, आणि खिळ्याने प्लास्टरमध्ये कोरलं, "२६/७/०५. ४ फूट २ इंच."

"अहो, भिंत कशाला खराब करताय?" मालिनीबाई म्हणाल्या.

"खराब पाण्याने केली. मी फक्त माप लिहितोय," अण्णा म्हणाले.

त्यानंतर आमचं घर पाण्याला सरावलं. माझ्या चार पायांखाली चार दगडी ठोकळे आले. आषाढ लागला की माझा खालचा कप्पा रिकामा व्हायचा. इलेक्ट्रिशियन बोलावून घरातले सगळे प्लग छातीच्या उंचीवर नेले, म्हणजे पाणी आलं तरी शॉक नको. मांजर्लीतल्या तळमजल्यांवर हे असंच असतं. इतकी वर्षं गेली की कुणाला त्यात काही वेगळं वाटेनासं झालं. दोन हजार एकोणीसला पुन्हा पाणी आलं, अण्णांनी पुन्हा कोरलं, "३ फूट १ इंच." दोन हजार एकवीसला पुन्हा. तेव्हाचं माप अडीच फुटांच्या आतच होतं, पण घरात सगळ्यात वाईट तोच पूर झाला.

कारण त्या सकाळी मालिनीबाई घरात एकट्या होत्या. पाणी कधी चढलं ते कळलं नाही. कळलं तेव्हा त्या दाराकडे धावल्या आणि दार उघडेना. बाहेरच्या पाण्याने ते दाबून धरलं होतं. त्या दिवाणावर चढल्या, माझ्या कडेला धरून उभ्या राहिल्या आणि ओरडत राहिल्या. दोन तासांनी वरच्या मजल्यावरच्या लोकांनी खिडकीचं ग्रिल तोडून त्यांना बाहेर काढलं. त्या दोन तासांत माझी कड त्यांनी एकदाही सोडली नाही. तेव्हापासून जुलै लागला की मालिनीबाईंना झोप येत नाही. पाऊस वाजला की उठून बसतात आणि फरशीला हात लावून बघतात.

म्हणून सोहमने सोनिवलीला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर बुक केलं. आईला पाण्यापासून वर न्यायचं, एवढाच त्याचा हेतू. लबाड मुलगा नाही तो. पण ते घर हाती यायचं तर हे विकायला हवं होतं, आणि जूनच्या आत. कैलास नावाच्या दलालाने गिऱ्हाईक आणलं. कीर्ती नावाची मुलगी. अंबरनाथला पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर. घरात ती आणि तिची आई गोदूबाई, दोघीच. तिला कर्ज काढून घर घ्यायचं होतं, आणि कर्ज देण्याआधी बँक आपला माणूस पाठवून घराची किंमत ठरवते. त्याला व्हॅल्युअर म्हणतात. तो शनिवारी येणार होता.

कैलास येऊन सांगून गेला, "काकू, टेन्शन नाय घ्यायचं. फक्त घर चकाचक दिसलं पाहिजे. नळ गळता कामा नये, बल्ब सगळे लागले पाहिजेत, पसारा नको. व्हॅल्युअर दहा मिनटं थांबतो, फोटो मारतो, निघतो. फर्स्ट इम्प्रेशन म्हंजे सगळं!"

मित्रांनो, त्या सहा दिवसांत आमच्या घराचं जे काही झालं, ते लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीचंही होत नाही. मालिनीबाईंनी दारावरची पितळी पाटी चिंचेने घासली. नळांचे वायसर बदलून घेतले. पंख्यांची पाती पुसली. जुन्या कॅलेंडरचे सात खिळे उपटले. बाल्कनीतली मोडकी सायकल यशोधराताईंच्या दारात नेऊन ठेवली आणि "शनिवारपर्यंत हो," म्हणून गयावया केली. रंगारी येऊन सगळ्या भिंतींना फिका पिवळा रंग देऊन गेला. घर खरोखर सुंदर दिसायला लागलं. इथवर सगळं ठीकच होतं. पाहुणा येणार म्हणून घर आवरण्यात कसली आली लाज?

गाडी अडली ती बाहेरच्या खोलीतल्या त्या एका भिंतीशी. तिथे अण्णांच्या तीन खुणा होत्या. रंगारी पुट्टीचा डबा घेऊन पुढे झाला आणि अण्णा खुर्चीतून उठून मध्ये उभे राहिले.

"याला हात लावायचा नाही. हे रेकॉर्ड आहे."

"अहो, कसलं रेकॉर्ड? घर विकायचंय आपल्याला!" मालिनीबाई म्हणाल्या.

"एकतीस वर्षं मापं घेतली मी. घेतलेलं माप खोडलेलं नाही कधी. रंग लावा, पुट्टी भरायची नाही."

रंगाऱ्याने रंग लावला. पण कोरलेलं ते कोरलेलंच. पिवळ्या रंगाखालून आकडे आणखीच उठून दिसायला लागले. सोहमने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, कैलास बघेल तर पळून जाईल," तो म्हणाला. अण्णा ढिम्म. नवरा-बायकोत दीड दिवस अबोला झाला. अखेर शुक्रवारी संध्याकाळी मालिनीबाई आतल्या खोलीत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नेहमीसारखा आरसा पुसला नाही.

"खोडायचं नाही ना? नाही खोडत," त्या म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. सोहम, हे कपाट बाहेर घे."

अण्णांना वाटलं, त्यांचं तत्त्व राहिलं. मालिनीबाईंना वाटलं, काम झालं. मध्ये सापडलो मी. त्यांनी माझ्यातले सगळे कपडे आणि कागदपत्रं बाहेर काढून गाठोड्यात बांधली, मला दगडी ठोकळ्यांवरून उतरवलं, कारण ठोकळे पाहून कुणीही विचारलं असतं, आणि ओढत नेऊन त्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. माझ्या पायाशी गंजलेल्या पत्र्यावर सोहमने ऑइल पेंटचा हात मारला. त्या रात्री अण्णांच्या तिन्ही खुणा माझ्या पाठीला टेकलेल्या होत्या आणि माझ्या पोटात डांबराच्या दोन गोळ्यांशिवाय काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत मी कपडे सांभाळले, कागद सांभाळले, पण असलं काही सांभाळायची वेळ आली नव्हती.

शनिवारी अकरा वाजता कैलास आला, सोबत कीर्ती आणि गोदूबाई. गोदूबाई मुरबाडकडच्या. सत्तरीच्या, बारीक, काठी टेकत चालणाऱ्या. त्यांना बसायला मालिनीबाईंनी खुर्ची दिली ती नेमकी माझ्या शेजारी. गोदूबाईंनी आपली काठी माझ्या मुठीला अडकवली आणि "बरा आधार हाय," म्हणाल्या.

थोड्या वेळाने व्हॅल्युअर आला. प्रज्वल नाव त्याचं. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, बोलण्यात नम्र. त्याच्याकडे लाल ठिपका सोडून माप घेणारं यंत्र होतं. ते पाहून अण्णांचे डोळे चमकले, पण लगेच त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. आज ते कुणाकडेच बघत नव्हते.

प्रज्वलने खोल्या मोजल्या, फोटो घेतले, नळ सोडून पाहिला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "हे कपाट थोडं सरकेल का? मागची भिंत बघितली असती."

"गच्च भरलंय हो," सोहम पटकन म्हणाला. "दोन माणसांनाही हलणार नाही."

"असू दे, असू दे."

फोन चार्ज करायला त्याने खाली वाकून प्लग शोधला. मग वर पाहिलं. टीव्हीचा प्लग छातीशी, फ्रिजचा छातीशी, इस्त्रीचा छातीशी. "एवढ्या वर का घेतलेत सगळे?"

मित्रांनो, सहा दिवस घर आवरलं, पण हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतर घरांत प्लग खाली असतात हे आमच्या लोकांनी इतक्या वर्षांत पाहिलं होतं, पण लक्षात ठेवलं नव्हतं. सोहमची जीभ अडखळली. "ते... बहिणीची लहान मुलं येतात. बोटं घालतात."

सोहमला बहीण नाही.

"चांगली आयडिया आहे," प्रज्वल हसून म्हणाला. मग फॉर्मवर पेन टेकवून त्याने मालिनीबाईंकडे पाहिलं. "काकू, एक विचारावं लागतं. पुराचं पाणी घरात येतं का?"

खोलीत सगळे होते. कीर्ती होती, गोदूबाई होत्या, खिडकीशी अण्णा होते. मला वाटलं, आता तरी. मालिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असणार, कारण त्यांनी लगेच मान फिरवली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर येतं. पायऱ्या चढत नाही."

"ठीक." त्याने लिहिलं. काकूंनी सांगितलं म्हणजे खरंच असणार, असा त्याचा चेहरा. दहा मिनिटांत काम आटोपून तो निघाला. कैलासही त्याला सोडायला म्हणून निघाला आणि जाताना मालिनीबाईंना अंगठा उंचावून दाखवून गेला.

काम फत्ते झालं होतं. सोहमच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. नरेंद्रने मला सांध्यासांध्याला थाप मारून घडवलं, ते का यासाठी?

कीर्ती खोल्यांतून फिरत होती. हाताच्या वितीने खिडकी मोजत होती, पडद्यासाठी. पहिलं घर होतं तिचं. ती आतून म्हणाली, "आये, तुजी खाट कुठं लावायची गं?"

"हितंच," गोदूबाई म्हणाल्या आणि माझ्या पत्र्यावर हात थोपटला. "ह्ये कपाट गेलं का ह्याच जाग्याव. खिडकी बी हाय, वारा बी येतो." मग त्या मालिनीबाईंकडे वळल्या. "बाय, तुमी त्या बटनांचं लय बरं केलंत. माजी कंबर वाकत नाय. आमच्या भाड्याच्या खोलीत बटनं पार जमिनीला टेकलीत. आन ती खोली दुसऱ्या माळ्याव. चढून गेले का दोन दोन म्हयने उतरत नाय मी. पोरगी म्हनली, आये, तुला जमिनीवरचं घर घेते. हितं मी दारात बसन, मानसं बघन."

"हो," मालिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"दिवसभर मी एकलीच आसते. पोर सातला जाते ती सातला येते. दार आतून लावून घ्यायचं न पडून ऱ्हायाचं. हितं बरं, खालीच हाय. काय झालं तर दार उघडलं का बाहेर!"

मालिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या. चहा उतू गेल्याचा वास आला. त्या परत आल्या तेव्हा हातात काही नव्हतं.

"सोहम, कपाट सरकव."

"आई?"

"सरकव म्हणते ना."

"आई, काय चाललंय तुझं? झालंय ना सगळं!" त्याने आवाज खाली आणला. "सोनिवलीचं घर जाईल आपलं. जुलैमध्ये काय करणार आहेस?"

मालिनीबाई माझ्याकडे आल्या. त्यांनी माझ्या मुठीला अडकवलेली काठी काढून गोदूबाईंच्या हातात दिली, पदर खोचला आणि मला खांदा लावला. आणि मित्रांनो, दोन माणसांना न हलणारा मी, साठीच्या एका बाईच्या खांद्याने सरकलो. रिकामा पत्रा करकरत फरशीवर घासला गेला आणि माझ्या पोटातल्या दोन डांबरगोळ्या टणटणत घरंगळल्या. त्या आवाजाने कीर्ती बाहेर आली.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सोहमकडे. सोहम जमिनीकडे बघत होता. मग ती भिंतीजवळ गेली आणि बोट ठेवून वाचायला लागली. "सव्वीस, सात, शून्य पाच. चार फूट दोन इंच." तिचं बोट तिथेच राहिलं. खाली खुर्चीत तिची आई बसली होती, आणि बोट आईच्या डोक्याच्या चार अंगुळं वर होतं.

"हे काय आहे, काकू?"

"पाणी," मालिनीबाई म्हणाल्या. "तीनदा आलं. प्लग त्यासाठीच वर आहेत. तिसऱ्या वेळी मी एकटी होते. दार उघडत नाही, कीर्ती. बाहेरून पाणी दाबतं. कितीही ढकललं तरी उघडत नाही. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी तुझ्यासमोर त्या बँकेच्या माणसाला नाही म्हटलं. कपाट इथे लावायचं माझ्याच डोक्यातून निघालं. यांचा दोष नाही."

"आहे," खिडकीशी उभे असलेले अण्णा म्हणाले. दिवसभरात ते पहिल्यांदा बोलत होते. "खोडू नका म्हणालो, पण झाकू दिलं मी. मापं बरोबर आहेत, पोरी. मी स्वतः घेतली आहेत."

कीर्ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. "मी आईला इथे कोंडून कामावर जाणार होते," एवढंच ती म्हणाली, आणि डोळे पुसले. मग पुन्हा म्हणाली, "दार लावून घे म्हणून सांगून जाणार होते तिला."

मालिनीबाईंनी तिच्यासमोरच प्रज्वलला फोन लावला. "मघाशी मी खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या, "पाणी येतं. तीनदा आलंय. लिहून घ्या." पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मालिनीबाई नुसत्या "हो, हो, चुकलं माझं," म्हणत होत्या, आणि साठी उलटलेली बाई शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून उभी होती. तो क्षण मी आरशातून पाहिला आणि पाहवला नाही.

कीर्तीने आईला उठवलं. दोघी दारापर्यंत गेल्या. सौदा मोडला होता, हे सगळ्यांना कळलं होतं. उंबऱ्याशी गोदूबाई थांबल्या, काठीवर वळल्या, आणि मालिनीबाईंना विचारलं, "मंग बाय, तुमी आता हितंच ऱ्हानार?"

ज्या बाईला आम्ही त्या पाण्यात लोटायला निघालो होतो, तिला पहिली काळजी पडली ती आमची. मालिनीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. 

सोनिवलीचं घर गेलं. सोहम आठ दिवस आईशी नीट बोलला नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी कामावरून आला, बूटही न काढता माझ्यापाशी आला आणि एकट्याने मला ढकलत पुन्हा आतल्या खोलीत नेलं. ठोकळे आणून पायांखाली दिले. मग आईला म्हणाला, "बहीण कुठून आणली मी, काय माहीत. तोंडातून गेलंच." मालिनीबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कैलास अजून गिऱ्हाइकं आणतो. येणाऱ्याला मालिनीबाई पाणीसुद्धा विचारायच्या आधी ती भिंत दाखवतात. बहुतेक लोक भिंत पाहून परत जातात. कैलास म्हणतो, "काकू, असं कोण घर विकतं?"

जुलै आलाच. एका सकाळी पाऊस थांबायचं नाव घेईना. अण्णा आणि सोहम कामाने बाहेर गेलेले. मालिनीबाई माझा खालचा कप्पा रिकामा करत होत्या. एक एक कपडा वर ठेवला की त्या फरशीला हात लावून बघत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. नंबर कीर्तीचा होता, म्हणून त्यांनी बराच वेळ तो घेतला नाही. अखेर घेतला. आवाज गोदूबाईंचा.

"बाय, पावसापायी पोर आज घरीच हाय. टीव्हीव सांगत्यात नदी चढली म्हनून. तुमी हायेत कुठं? एकल्या हायेत का?"

"हो," मालिनीबाई म्हणाल्या.

"मंग दार उघडं टाका आन निघा. आमच्याकडं या. आमची खोली दुसऱ्या माळ्याव हाय, तितवर पानी येत नाय. जिना खडा हाय, पन तुमी चढाल. मी चा ठेवते."

मालिनीबाई माझ्या उघड्या दाराला धरून खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. शालूतून चिखल निघाला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, ग्रिल तोडून बाहेर काढलं तेव्हाही नाही. फोन हातात तसाच होता आणि पलीकडून गोदूबाई "बाय? ओ बाय?" करत होत्या.

मित्रांनो, मी एक साधं कपाट आहे, तुम्हाला मोठा उपदेश करायची माझी लायकी नाही. एवढीच विनंती आहे. घर दाखवायचं असेल तर जरूर झाडा, पुसा, पितळ घासा, रंग द्या. घराची निगा राखणं चांगलंच आहे. पण जिथे पाणी चढतं ती भिंत आमच्यासारख्यांच्या पाठीमागे लपवू नका. त्या घरात उद्या कुणाची तरी आई एकटी राहायला येणार असते. आम्ही मुकी कपाटं, आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.